जुळ्यांचे लंगोट : कापडी की डायपर?

घरात जुळी बाळे येणार असे कळले की आनंदाबरोबर एक व्यावहारिक प्रश्नही उंबरठ्याशी येऊन उभा राहतो : लंगोट कोणते वापरावेत? आजीचा आग्रह जुन्या धोतराच्या मऊ सुती लंगोटांचा असतो, तर बाळंतिणीला डायपरची सोय हवीशी वाटते. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून हा प्रश्न वादाने नव्हे, हिशेबाने सोडवावा.

नवजात बाळाचा कापडी लंगोट दिवसाकाठी 10 ते 12 वेळा बदलावा लागतो. जुळ्यांचे 20 ते 24 लंगोट होतात. उन्हाच्या दिवसांत 50 लंगोट पुरतात. परंतु आषाढ-श्रावणात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा 75 तरी हाताशी हवेत. डायपर त्या मानाने कमी वेळा बदलतात. दोघांचे मिळून दिवसाला 16 आणि एकाची किंमत 10 रुपये धरली, तरी महिन्याचा खर्च 4,800 रुपये होतो. कापडाचा खर्च पैशांत थोडा, पण श्रमांत मोठा आहे. ते श्रम कोणाचे, हे आधी ठरवावे. जुळ्यांची प्रसूती पुष्कळदा शस्त्रक्रियेने होते. टाके ओले असताना बादल्या उचलण्याचे काम बाळंतिणीवर येणार असेल, तर ती काटकसर नव्हे.

आता त्वचेविषयी. जुळी बाळे अनेकदा दिवस पूर्ण भरण्यापूर्वी जन्मतात. त्यांची त्वचा अधिक नाजूक असते. पुरळ उठते ते ओल, मल आणि घर्षण यांमुळे. डायपरमधील शोषक कणांमुळे पृष्ठभाग कोरडा राहतो, हा त्याचा गुण. मात्र कोरडा भासतो म्हणून तो तासन्‌तास तसाच ठेवला जातो, हा धोका. मूत्र असल्यास तीन-चार तासांनी आणि मल असल्यास तत्काळ डायपर बदलावा. कापडी लंगोट ओला होताच बदलावा. पावडर लावू नये. तिचे कण श्वासावाटे आत जातात. पुरळ दोन-तीन दिवसांत न ओसरल्यास किंवा लालीभोवती बारीक ठिपके दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

जुळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पाचव्या दिवसानंतर बाळाने 24 तासांत किमान सहा वेळा लघवी केली, तर त्याला दूध पुरते असे सामान्यतः समजतात. दोन बाळांमध्ये एकाची मोजणी सहज चुकते आणि कमी पिणारे बाळ लक्षात येत नाही. डायपरमध्ये थोडी लघवी कळतही नाही. म्हणून पहिले काही आठवडे दिवसा कापडी लंगोट वापरणे हितकारक. एकाच्या लंगोटांना लाल दोऱ्याची, दुसऱ्याच्या लंगोटांना निळ्या दोऱ्याची खूण करावी आणि भिंतीवरील कागदावर प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवावी.

रात्री, प्रवासात आणि लसीकरणाच्या दिवशी डायपर वापरण्यात संकोच नको. मातेची सलग तीन तासांची झोप हेही औषधच आहे.

लंगोट धुताना मल आधी शौचालयात टाकावा, थंड पाण्याने खळबळून मग गरम पाणी व सौम्य साबण वापरावा. साबणाचा अंश उरू देऊ नये. कापड मऊ करणारे द्रव टाळावेत. त्यांनी शोषकता घटते. पावसाळ्यात इस्त्री फिरवून दमटपणा घालवावा. लंगोट सैल बांधावा. पाय मोकळे राहिले की खुब्याची वाढ नीट होते. बदलण्याचे काम जमिनीवरील सतरंजीवर करावे, म्हणजे एकाकडे वळताना दुसरे पडणार नाही. एका बाळाची स्वच्छता झाल्यावर हात धुऊनच दुसऱ्याला स्पर्श करावा.

पर्यावरणाचा विचारही करावा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2008 च्या अभ्यासानुसार कापडाचा लाभ धुण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. दोरीवर वाळवणे हितावह ठरते. वापरलेले डायपर मात्र कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत. ओल्या कचऱ्यात किंवा शौचालयात टाकू नयेत.

तेव्हा आपल्या घरातील पाणी, ऊन, पैसा आणि मदतीचे हात मोजा, आणि दर ऋतूत हा हिशेब पुन्हा मांडा. कापड आणि डायपर दोन्ही एकाच घरात सुखाने नांदू शकतात.