वर जायचं म्हणजे कुठे?

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आमच्या वर्गातल्या बहुतेक मैत्रिणी आज कंपन्यांच्या सामाजिक विभागांत किंवा मोठ्या संस्थांच्या मुख्यालयांत आहेत. मी गेली दहा वर्षं तालुक्याच्या गावी स्त्रियांच्या सल्ला केंद्रात काम करते. ‘तू अजून तिथेच?’ असं त्या काळजीनं विचारतात. ‘वर जाणं’ म्हणजे काय, हे या प्रश्नात आधीच ठरलेलं असतं. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आमच्या क्षेत्रात बढती मिळाली की बाईसमोरची खुर्ची सोडावी लागते. समुपदेशक असते ती समन्वयक होते, मग व्यवस्थापक. दर पायरीला पगार वाढतो आणि केंद्रात येणाऱ्या बाईचा आवाज लांब जातो. ही बाई पहिल्या खेपेला रेशनकार्डावरच्या नावाबद्दल विचारते. मारहाणीचं तिसऱ्या-चौथ्या खेपेला निघतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं तो न्यायालयाला सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि दर तारखेला तिच्याबरोबर कुणीतरी एसटीत बसावं लागतं. वकील काय म्हणाला, सासरा अचानक गोड का बोलायला लागला, आज माघार घ्यावीशी का वाटतेय, हे सगळं त्या प्रवासात बोललं जातं. ऐकणारीला अनुभव लागतो. मग सगळ्यात अनुभवी कार्यकर्तीनं हे सोडून मुख्यालयात बसायचं, यालाच प्रगती का म्हणायचं?

२०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांवर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचं बंधन घातलं. १ एप्रिल २०१४ पासून हा पैसा येऊ लागला, त्याबरोबर नोकऱ्याही आल्या. कंपनीचा पैसा विटाळतो असं मी मानत नाही. पण त्याला शिलाई मशीनचं वाटप आवडतं, कारण त्याचा फोटो निघतो. नवऱ्याचं घर सोडून माहेरच्या पडवीत झोपणाऱ्या बाईचा फोटो निघत नाही, आणि काढूही नये.

काही वर्षांपूर्वी मला अशाच एका प्रकल्पात, दुपटीहून जास्त पगारावर बोलावलं होतं. अहवालाचा नमुना दाखवला. त्यात यशाचा एकच रकाना होता: ‘समेट झालेली प्रकरणे’. पोटगी मिळवून वेगळी राहणारी बाई कुठे लिहायची, असं विचारलं. ‘इतर’मध्ये, असं उत्तर आलं. मी नकार दिला. परत पाठवलेली बाई यशस्वी आणि सुटलेली बाई ‘इतर’, असा हिशोब महिन्याच्या महिन्याला माझ्या सहीनं जावा, हे मला जमणारं नव्हतं.

यावर आपल्याकडच्या ज्येष्ठ कार्यकर्त्या पाठ थोपटतात, त्याग म्हणतात. तो शब्द मला नको आहे. माझ्या नवऱ्याला कायमची नोकरी आहे. प्रकल्प मार्चमध्ये संपतो, पुढची मंजुरी जुलैत येते. मधले तीन महिने मी बिनपगारी काढू शकते. माझ्याबरोबरची एक मैत्रीण, एकटी, पदरात मूल, ते काढू शकली नाही. ती आता एका खाजगी रुग्णालयाच्या बिलांच्या खिडकीवर बसते. तिची मूल्यं माझ्याहून कच्ची होती काय? केसेस तर ती माझ्यापेक्षा चांगल्या हाताळायची.

अंगणवाडी सेविकांना १९७५ पासून मानधनावर राबवलं जातं, म्हणून आपण त्यांच्या मोर्चात जातो. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली म्हटलं, तेव्हा आपण पेढे वाटले. आणि आपल्याच केंद्रांत पगाराला काय म्हणतो? मानधनच! प्रसूतिलाभ कायदा साधारणपणे दहा माणसांच्या आतल्या संस्थेला लागत नाही. आपल्या बहुतेक गटांत सहा-सात जणी असतात, त्यामुळे कायद्यातून आपण सुटतो. पण म्हणून बाळंतपणाची रजा बिनपगारी देणं स्त्री संघटनेला शोभतं का? मूल्यांचं काम फक्त कमावता नवरा असलेल्या बायकांनाच परवडणार असेल, तर दलित, आदिवासी, एकल बायका आपल्या केंद्रात खुर्चीच्या त्या बाजूलाच राहतील.

आमच्या बैठकीत मी प्रस्ताव ठेवला आहे: येत्या वर्षी दोन मोठी शिबिरं रद्द करायची आणि त्या खर्चाइतका लोकवर्गणीचा पैसा पगाराच्या राखीव निधीत टाकायचा. सगळ्यांना तो पटलेला नाही. शिबिरं नसतील तर आडगावच्या बायका केंद्रापर्यंत येणार कशा, हा आक्षेप रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं पुरतं उत्तर नाही. तुमच्या गटात मधल्या महिन्यांचे पगार कसे भागवता, ते कळवा.