मुंबई ते जिद्दा : तिकिटावरचे तीन तास

उमऱ्याचे तिकीट हातात आले की घरात पहिला प्रश्न येतो, "किती तासांचा सफर आहे?" तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ सकाळी १०, जिद्दाला पोहोचण्याची दुपारी १. म्हणजे तीन तास, असे समजून कित्येक जण अम्मी-अब्बांना धीर देतात. हा हिशेब चुकीचा आहे.

तिकिटावर प्रत्येक शहराची स्थानिक वेळ छापतात. सौदी अरबचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. म्हणून तीनमध्ये अडीच मिळवा. विमान साडेपाच तास हवेत असते. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. परतताना उलटे होते. दुपारी ३ ला निघालेले विमान रात्री साडेदहाला मुंबईत उतरते. तिकिटावर साडेसात तास दिसतात, खरे पाचच. उंचावरचे पश्चिमेकडून वाहणारे वारे येताना विमानाला साथ देतात, जाताना अडवतात.

आता घरापासून मोजू. रत्नागिरीचे कुटुंब रात्री १० ला गाडीने निघाले, तर सकाळी ७ पर्यंत विमानतळावर हवे. दुपारी १ ला जिद्दा, पासपोर्ट-सामानाचे दोन तास, पुढे मक्का सुमारे दीड तास. तिथे साडेचार वाजलेले असतात, आपल्याकडे सात. एकूण २१ तास! त्यानंतर लगेच तवाफ आणि सई. वयस्कर माणसाला आधी विश्रांती घेऊ द्या. एहरामच्या पाबंद्या पाळून थोडे थांबून उमरा करता येतो.

काही गोष्टी निघण्याआधी ठरवा. मीकात विमानातच ओलांडली जाते, उतरण्याच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी. नियत आणि तलबिया त्याआधी व्हायला हवी. विमानाच्या अरुंद न्हाणीघरात एहराम बांधणे कठीण, म्हणून पुरुषांनी चादरी घरी किंवा मुंबई विमानतळावरच नेसाव्यात. आखाती शहरात विमान बदलणार असाल तर तिकीट स्वस्त पडते, पण तितके तास एहराममध्ये जातात.

या वेळेच्या विमानाने गेल्यास जोहर जिद्दाला उतरून आरामात मिळते. परतीच्या वाटेवर असर निघण्याआधी किंवा विमानात पाहावी लागते, आणि पूर्वेकडे जात असल्याने मगरिब लवकर येते. दोन्ही शहरांचे वेळापत्रक तिथे कामाचे नाही. खिडकीतून सूर्य पाहा.

मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या वा इन्सुलिन कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायचे, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

१९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजाने जात. त्या सफरीला कित्येक दिवस लागत, पण शरीराला सवय व्हायला वेळ मिळे. आज वेळ वाचतो, म्हणून तयारी घरूनच करावी लागते. अल्लाह सर्वांचा सफर आसान करो. आमीन.