बिनदोरीचा पतंग

पतंग उडवणाऱ्या पोराला आमच्या माणमध्ये म्हातारी माणसे एकच गोष्ट बजावत असतात : "वर बघ, पण पायाखाली इहीर हाय तेवढं ध्यानात ठेव." लहानपणी या बोलण्याचे हसू येई. आज एकोणिसाव्या वर्षी त्याचा अर्थ मला नीट कळला आहे, आणि तो एका पतंगाने नव्हे, तर रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानाने कळवला आहे.

आपण म्हणाल, कला शाखेच्या विद्यार्थ्याला विमानाशी काय करायचे? प्रश्न रास्त आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांच्या मते पोराने पुस्तक धरावे नाहीतर म्हशीचे दावे धरावे. तिसरे काही हाती धरणे म्हणजे चैन. पण हिंजवडीच्या आय. टी. पार्कचा तिसरा टप्पा आमच्या माणच्या शिवारापर्यंत आला आणि त्याच्याबरोबर रविवारी सकाळी विमाने उडवणारे इंजिनिअरही आले. त्यांचे विमान गवतात पडले की ते शोधून आणणारा मी. हळूहळू एका दादाने मला आपला जुना रेडिओ दिला, थर्माकोल कापायला शिकवले आणि एके दिवशी माझे स्वतःचे विमान आभाळात गेले. तो आनंद काय वर्णावा! ज्याच्या घरातले कोणी कधी विमानात बसले नाही, त्याच्या अंगठ्याच्या इशाऱ्यावर विमान वळत होते.

आणि याच आनंदात माझे भान सुटले. भाताची काढणी झाल्यावरचे दिवस होते. दादा आलेले नव्हते. मी एकटाच गेलो. विमानाची बॅटरी पट्ट्याने घट्ट आवळायची, ती मी रबरबँडने अडकवली. वारा होता, तरी विमान फेकले. वर चढताना बॅटरी मागे सरकली, शेपूट जड झाले, नाक आभाळाकडे उठले आणि विमान हवेत जणू थबकले. मग ते कोसळले. मी रेडिओच्या काड्या हव्या तशा फिरवल्या. पण तोल गेलेले विमान कोणाचे ऐकते? ज्या बांधावर ते आदळले, तेथे माझी चुलती म्हशीसाठी गवत कापत होती. तिच्यापासून जेमतेम चार हातांवर! ती दचकून उठली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आरं लेकरा, तुझं इमान मोडलं तर दुसरं यील. माझं डोस्कं फुटलं तर कुठनं आणशील?"

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी विज्ञान शाखेतल्या मित्राकडून मी एक हिशेब करून घेतला. माझे विमान ९०० ग्रॅमचे. ते ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळले, तर त्यातली ऊर्जा वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूइतकी भरते. फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट तरी असते. माझ्या चुलतीच्या डोक्यावर पदर होता. शिवाय चेंडूला फिरते पाते नसते. सन २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकोणीस वर्षांचा एक तरुण आपले रेडिओवरचे हेलिकॉप्टर उडवत असताना त्याच्याच पात्याने डोक्याला जखम होऊन मरण पावला. तो नवशिका नव्हता. तो माझ्याच वयाचा होता, ही गोष्ट मनातून जात नाही.

मग काय, हा छंद बंद करावा? मुळीच नाही! एन. सी. सी.च्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग हा शिक्षणाचाच भाग आहे. सरकारनेही या छंदाकडे उदारपणे पाहिले आहे. सन २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेल विमानाला प्रकार-प्रमाणपत्राची सक्ती नाही. नकाशावर लाल, पिवळी व हिरवी क्षेत्रे आखली आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचाही तळ आहे, तेव्हा आधी नकाशा पाहणे हे प्रत्येकाचे कर्तव्यच आहे.

परंतु कायद्याने दिलेली मोकळीक म्हणजे मोकाट सुटण्याचा परवाना नव्हे. "खेळणेच तर आहे," असे म्हणणाऱ्यांना मी मांजाची आठवण देईन. पतंग हेही खेळणेच. पण सन २०१८ मध्ये आपल्याच नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुण महिला डॉक्टरचा गळा मांजाने चिरला गेला आणि तिचा प्राण गेला. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने आदल्याच वर्षी बंदी घातली होती. कागदावरची बंदी तिला वाचवू शकली नाही. दोरी धरणाऱ्या हातालाच समज हवी होती.

सुरक्षिततेचे नियम तसे साधे आहेत. बॅटरी पक्की बांधावी आणि विमानाचा तोल बोटांवर धरून पाहावा. आधी हातातला रेडिओ चालू करावा, मग विमानाची बॅटरी जोडावी. बंद करताना याच्या उलट. उडवण्यापूर्वी दूर चालत जाऊन रेडिओचा पल्ला तपासावा, पंखांची हालचाल योग्य दिशेला होते का ते पाहावे. संदेश तुटला तर मोटर आपोआप थांबेल अशी सोय करून ठेवावी. पात्यासमोर कधी उभे राहू नये. विजेच्या तारा, रस्ता, घरे व माणसे यांच्यावरून विमान नेऊ नये. फुगलेली लिथियम बॅटरी वापरू नये, आणि चार्जिंगला लावून झोपू तर नयेच. ती पेट घेते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकट्याने उडवू नये. एकाने वर पाहावे, दुसऱ्याने खाली.

हे 'खाली पाहणे'च मला सर्वांत मोलाचे वाटते. विमान उडवणारे म्हणतात, "प्लॉट रिकामा आहे." पण आमच्या गावात रिकामा प्लॉट असा नसतोच! तेथे कोणी गवत कापते, कोणी म्हशी चारते, कोणाची पायवाट तेथून जाते. आभाळाची परवानगी नकाशावर पाहता येते. जमिनीवरच्या माणसाला मात्र कोणीच विचारत नाही. जमिनी गेल्याचे दुःख ज्या गावाने पाहिले, त्या गावाला हे अधिकच झोंबते. पण हा दोष एकट्या शहरवाल्यांच्या माथी मारून मी मोकळा होऊ शकत नाही. मी तर त्या बांधावरचाच पोरगा. तरीही रेडिओ हाती येताच मला चुलती दिसली नाही. साधन हाती आले की खालचा माणूस दिसेनासा होतो, हाच खरा धोका आहे.

म्हणून प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे, की आपल्या महाविद्यालयात एक लहानसे एरोमॉडेलिंग मंडळ सुरू व्हावे. ग्रामपंचायतीशी बोलून एक जागा व एक वेळ ठरवावी आणि ती गावात सर्वांना माहीत असावी. विज्ञानाच्या मुलांनी तोल शिकवावा. आम्ही कलेची मुले घरोघरी जाऊन वेळ सांगू. तेही काम विमान उडवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पतंगाला दोरी असते, म्हणून तो कोणाच्या हाती आहे हे जगाला दिसते. आमच्या विमानाला दोरी नाही. ती आपण आपल्या मनाला बांधून घ्यायची आहे. माझे विमान मी पुन्हा जोडले आहे. परंतु आता ते फेकण्यापूर्वी मी बांधावर जातो आणि विचारतो, "काकी, उडवू का?" ती विळा खाली ठेवते, बाजूला होते आणि म्हणते, "आता उडव."