घरकारणीची साक्ष

रत्नागिरीस १२ जून १९४६ रोजी पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांचा विवाह नोंदणी पद्धतीने झाला, तेव्हा त्यासाठी लागणाऱ्या छापील अर्जाचे आठ आणे वधूने आपल्या पदरचे दिले होते, ही हकीकत मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. त्या दिवशी वराजवळ द्रव्य नव्हते आणि कीर्तीही नव्हती. पेटीवर सहज फिरणारी बोटे, कानांत साठवलेले बालगंधर्वांचे गाणे आणि कोणत्याही परिस्थितीत प्रसन्न राहणारी वृत्ती, एवढ्याच भांडवलावर तो संसार मांडला गेला. पुढे सात वर्षांतच, १९५३ साली, ‘देवबाप्पा’ला त्यांनी दिलेले संगीत घरोघर पोहोचले, त्याच वर्षीच्या ‘गुळाचा गणपती’त लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका ही सारी कामे एकाच माणसाने पार पाडली, आणि त्यानंतर जे यश आले ते महाराष्ट्रात क्वचितच कोणाच्या वाट्यास आले असेल. बरोबर चोपन्न वर्षांनी, १२ जून २००० रोजी, विवाहाच्याच तारखेस पु. ल. गेले, तेव्हा घरचे माणूस गेल्याप्रमाणे उभा महाराष्ट्र हळहळला. या दोन तारखांच्या दरम्यान त्या घरात जी दुसरी व्यक्ती राहत होती, तिने आपल्या सहजीवनाविषयी लेखणी उचलली आणि ‘आहे मनोहर तरी’ हे पुस्तक १९९० साली प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकास मराठी समाजाने जी वागणूक दिली, तिच्याविषयी इतक्या वर्षांनंतरही स्पष्ट बोलणे मला अगत्याचे वाटते.

सुनीताबाईंचे आजोळ आमच्या मालवण तालुक्यातील धामापूर. विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली बांधलेला तेथील तलाव, त्याच्या काठावरचे भगवतीचे देऊळ आणि पाण्यात उतरलेली गर्द डोंगरछाया पाहावयास दूरदूरचे लोक येतात, आणि अलीकडे जागतिक सिंचन वारशाच्या यादीतही त्या तलावाची नोंद झाली आहे. या मुलखातील माणसाच्या स्वभावात एक करकरीत सडेतोडपणा असतो, हिशेब चोख ठेवण्याची सवय असते आणि मनात आले ते तोंडावर सांगण्याचे धैर्य असते; सुनीताबाईंच्या गद्यात मला हे गुण पदोपदी दिसतात, आणि म्हणून त्या आमच्या आहेत असे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

पुस्तक वाचणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतले हे खरे. परंतु पुष्कळांना ते रुचले नाही हेही तितकेच खरे. ज्या माणसाने आपल्याला आयुष्यभर हसविले, त्याच्या घरातील निष्काळजीपणा, त्याचे लहान मुलासारखे दुसऱ्यावर विसंबून राहणे, आपल्या व्यवधानात पत्नीच्या मनाचा विसर पडणे, हे सारे चारचौघांत कशाला सांगावयाचे, असा त्यांचा आक्षेप होता. या आक्षेपामागे प्रेम होते, दुष्टावा नव्हता, हे मी मान्य करतो. तथापि तो आक्षेप अन्यायाचा होता. बेचाळीसच्या चळवळीत उडी घेतलेली, स्वतंत्र बुद्धीची आणि स्वतः उत्तम अभिनय करणारी एक स्त्री, ‘वाऱ्यावरची वरात’च्या रंगमंचावर उभी राहते, पडद्यामागची सर्व व्यवस्था पाहते, करारमदार सांभाळते, प्रयोगाच्या परवानग्यांबाबत कठोर राहून लोकांचा रोष पत्करते, मिळालेल्या पैशातून प्रतिष्ठान उभारून तो पैसा समाजाकडे परत वळविते, आणि एवढे केल्यावर या जन्माचा जमाखर्च आपल्या दृष्टीने मांडू पाहते, तेव्हा तिला गप्प राहावयास सांगण्याचा अधिकार आपणास कोणत्या सनदेने मिळाला?

माझे मत असे आहे की, कलावंताच्या पत्नीचे आपण जे कौतुक करतो, ते जवळजवळ सर्वस्वी यशापूर्वीच्या काळाचे असते. हलाखीत तिने साथ दिली, दागिने मोडले, अर्धपोटी राहिली, या कथा आपणास प्रिय असतात, कारण त्यांचा शेवट गोड आहे हे आपणास आधीच ठाऊक असते. यश आल्यानंतर तिचे काय होते, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही; किंबहुना त्या चौकशीत आपण रसिकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहू, याची आपल्या मनाला कुठे तरी जाणीव असावी.

या दृष्टीने देवासच्या भानुमती कंस यांचे चरित्र मला फार मोलाचे वाटते. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व बालवयातच कीर्तीच्या शिखरावर गेले होते, आणि मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात कराचीहून शिकावयास आलेल्या भानुमतीबाईंशी १९४७ साली त्यांचा विवाह झाला. स्वतः गाणारी ही मुलगी गायकाच्या घरात आली, आणि लवकरच क्षयाने तो गळा बंद पाडला. हवापालटासाठी ती दोघे ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, देवासला पोहोचली. पुढची काही वर्षे गाण्याचा स्वर काढावयाचा नाही असा वैद्यांचा दंडक होता. भारतातील एक असामान्य गवई खाटेवर पडून बाहेरच्या रस्त्याने जाणाऱ्यांची माळव्यातील लोकगीते ऐकत होता, आणि त्याची पत्नी शाळेत नोकरी करून घर चालवीत होती, औषधपाणी पाहत होती, शुश्रूषा करीत होती. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळू लागले, प्रकृती सावरली, आणि एका फुप्फुसाच्या बळावर छोट्या छोट्या स्वरसमूहांनी बनलेली ती नवी, तेजस्वी गायकी जन्मास आली. तिच्याविषयी आजवर किती लिहिले गेले, किती परिसंवाद झाले! माळव्याच्या लोकसंगीतावर, निर्गुणी भजनांवर, नव्या रागांवर विद्वानांनी ग्रंथ रचले, आणि ते रचले हे योग्यच झाले. पण ज्या मासिक वेतनावर ती आजारपणाची वर्षे निभावली, त्या वेतनाचा आणि ते मिळविणाऱ्या स्त्रीचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो. भानुमतीबाई दुसऱ्या बाळंतपणात १९६१ साली वारल्या. यशानंतरचा संसार त्यांच्या वाट्यास जेमतेम आठ-नऊ वर्षे आला, आणि ‘तुम्ही शाळेतून परत येऊन गाण्यास बसता की नाही’ हा एवढा साधा प्रश्नही त्यांना त्यांच्या हयातीत कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही. त्या गात होत्या. एका गायिकेचे गाणे त्या काळात कुठे गेले, हा संगीताच्या इतिहासाचा प्रश्न आहे. तो केवळ त्या घराचा खाजगी प्रश्न मानून सोडून देता येणार नाही.

ललिता देऊलकर यांची गोष्ट याहून सौम्य आहे, पण ती याच वाटेने जाते. सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांच्याशी १९४९ साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा हिंदी चित्रपटांतील पार्श्वगायिका म्हणून त्यांचे स्वतःचे नाव झालेले होते, आणि त्या लग्नात मंगलाष्टके महंमद रफी यांनी म्हटली, यावरून त्या नावाचा दर्जा कळावा. पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीस ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा कौसल्येची गीते ललिताबाईंनी गायिली. त्यानंतर त्यांचा आवाज आपणास उत्तरोत्तर कमी ऐकू आला, आणि बाबूजींचे नाव मात्र घरोघर झाले.

मास्टर दीनानाथांच्या पत्नी माई मंगेशकर यांच्या बाबतीत तर क्रमच उलटा होता. बलवंत संगीत मंडळीचे वैभव त्यांनी आधी पाहिले, मग कर्ज, चित्रपटाच्या धंद्यातील नुकसान आणि दीनानाथांचे खचणे पाहिले, आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास ते गेले तेव्हा पाच मुलांपैकी थोरली लता बारा वर्षांची होती. माईंनी यश आधी भोगले, अपयश मागाहून सोसले आणि पुन्हा मुलांचे यशही पाहिले. एवढे सारे पाहिलेल्या त्या माउलीने आपले मन स्वतःच्या हाताने कागदावर उतरविले असते तर मराठी वाङ्मयाला केवढा ठेवा मिळाला असता!

यशानंतर कलावंताचे घर चावडीसारखे सर्वांचे होते. येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा, दूरध्वनी, निमंत्रणे, संस्थांचे चिटणीस, नवशिके, स्तुतिपाठक, मदत मागणारे, आणि मध्यरात्री मैफल संपवून आलेल्या सात-आठ माणसांचे जेवण. या सर्वांच्या मध्ये उभी राहून नकार देण्याचे अप्रिय काम एकाच व्यक्तीकडे येते. कलावंत सर्वांना हो म्हणतो आणि थोर ठरतो, त्याची पत्नी त्याचा वेळ आणि प्रकृती राखण्यासाठी नाही म्हणते आणि खाष्ट ठरते. तिच्या नकारामुळेच जी नवी बंदिश बांधली गेली, जे नाटक पुरे झाले, त्याचा आनंद आपण घेतो, आणि तिच्या फटकळपणाचे किस्से एकमेकांस सांगतो. गरिबीत निदान नवऱ्याचे तोंड तिला दिसत असे. कीर्तीच्या काळात त्याच्याशी दोन शब्द बोलण्यासाठी तिला परक्यांच्या रांगेत उभे राहावे लागते. ही व्यथा बोलून दाखविणारी स्त्री पतीच्या मोठेपणास उणेपणा आणीत नाही, उलट तो मोठेपणा कशाकशातून उभा राहिला हे ती सांगत असते. ‘आहे मनोहर तरी’ वाचल्यानंतर पु. लं.विषयीचे माझे प्रेम तिळमात्र कमी झाले नाही. ते अधिक समंजस झाले.

हे सारे नामांकितांपुरतेच खरे आहे असे कोणी समजू नये. आमच्या सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळ्यांचा पेटारा घराबाहेर पडतो तो पावसाळ्याच्या तोंडी परत येतो. पायपेटी वाजविणारा, मृदंगावर बसणारा, राजाचा किंवा राक्षसाचा वेष घेऊन पहाटेपर्यंत गर्जना करणारा गडी या सहा महिन्यांत घरी क्वचितच निजतो, आणि त्याची घरकारीण वायंगणाच्या भातशेतीला पाणी लावते, गोठा पाहते, सासूसासऱ्यांचे करते, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरते. डबलबारी भजनाच्या बुवांच्या घरीही हेच. हल्ली भ्रमणध्वनीवर एखाद्या बुवाची गवळण किंवा एखाद्या दशावतारी कलावंताचा प्रवेश रातोरात लाखो लोक पाहतात, मुंबईहून आमंत्रणे येतात, बिदागी वाढते, अंगणात मोटारी उभ्या राहतात. आणि गावाच्या सत्कारसमारंभात त्या बाईला व्यासपीठावर बोलावून खणानारळाने तिची ओटी भरली जाते. ओटी भरावी, त्यात वावगे काही नाही. परंतु ओटी भरून झाल्यावर ध्वनिक्षेपक तिच्या हाती द्यावा आणि तिला वाटेल ते, वाटेल तितका वेळ, तिच्या मालवणीत बोलू द्यावे, अशी माझी आयोजकांना मनःपूर्वक विनंती आहे.

शासनाकडेही एक मागणे आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंत यांना राज्य शासन जे मासिक मानधन देते, ते कलावंताच्या पश्चात त्याच्या पत्नीस अथवा पतीस चालू राहते, ही तरतूद अत्यंत न्याय्य आहे आणि अनेक घरांची चूल तिच्यावर पेटते. मात्र या व्यवस्थेत पत्नीचे नाव कचेरीच्या दप्तरी येते ते पतीच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत, वारस म्हणून. कलावंताने आपल्या हयातीत अर्ज केला की त्याच्या कामगिरीचे पुरावे मागितले जातात, कात्रणे, प्रशस्तिपत्रे, छायाचित्रे जोडावी लागतात. त्याच वेळी त्याच्या पत्नीचाही एक जबाब घेण्याची तजवीज का होऊ नये? मंडळी बाहेरगावी असताना शेती कोणी केली, पहिली पेटी विकत घेण्यास पैसे कोठून आले, ती स्वतः फुगड्या, ओव्या, भजने गात होती काय आणि ते गाणे केव्हा सुटले, नवऱ्याचे नाव झाल्यावर घरात काय बदलले, एवढे प्रश्न पुरेत. जिल्हा परिषदेने नमुना ठरवून द्यावा, आमच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनी वाडीवाडीत जाऊन हे जबाब लिहून आणावेत, आणि सत्तरी ओलांडलेल्या बायांपासून आरंभ करावा. प्रत्येक जबाबावर तिचे स्वतःचे नाव असावे आणि खाली तिची सही किंवा अंगठा असावा.