हरित वाहतूक ही मालेगावची गरज

हरित वाहतुकीचा विषय निघाला की मालेगावात तीन आक्षेप हमखास ऐकू येतात. हे पुण्या-मुंबईचे लाड, इथे गल्ल्या अरुंद आणि लोक गरीब. विजेची वाहने शेवटी कोळशावरच चालतात. आणि शहर बस म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

पहिला आक्षेप घेणाऱ्यांनी पाळी बदलताना यंत्रमागांच्या एखाद्या गल्लीत उभे राहावे. अंगावर कापसाचे तंतू घेऊन कामगार पायी निघतो, नाहीतर सायकल काढतो. शहरात सर्वांत कमी इंधन जाळणारा माणूस तोच. पण त्याला चालायला मोकळा पदपथ नाही, म्हणून चार पैसे जमताच तो हप्त्याने दुचाकी घेतो आणि कोंडी वाढते. केंद्राच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिले आहे. गल्ली अरुंद असेल तर तिथे मोटारींपेक्षा माणसांचा हक्क आधी.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. राज्याची बरीच वीज आजही कोळशाची. मात्र पेट्रोलचे इंजिन इंधनातली जेमतेम पाव ऊर्जा कामी लावते, बाकीची उष्णतेत जाते. विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग चाकाला देते. वीजकेंद्रातला आणि तारांतला तोटा धरला की ही तफावत घटते, हे खरे. तरीही वीज उद्या सौर होऊ शकते, पेट्रोल होऊ शकत नाही. शिवाय किदवाई रोडवर दिवसभर बसणाऱ्या दुकानदाराच्या छातीत जाणारा धूर आजच कमी होतो.

राहिला तोटा. पथदिव्यांतून किती नफा झाला, असे कोणी विचारत नाही. मग बसलाच का? नाशिक महापालिकेने २०२१मध्ये सिटीलिंक ही शहर बससेवा सुरू केली. केंद्राच्या २०२३च्या पीएम ई-बस सेवा योजनेसाठी २०११च्या जनगणनेनुसार तीन लाखांची लोकसंख्या लागते. मालेगाव तेव्हाच साडेचार लाखांपुढे होते, म्हणजे या अटीत बसते.

तेव्हा करायचे काय, हे स्पष्ट आहे. मोसम नदीच्या दोन्ही अंगांच्या वस्त्या, कॅम्प, सटाणा नाका आणि एसटी स्थानक जोडणाऱ्या छोट्या विजेच्या बस पाळ्यांच्या वेळा धरून सोडाव्यात. आतल्या गल्ल्यांत नोंदणीकृत ई-रिक्षांना ठरलेले थांबे द्यावेत आणि त्यांचे चार्जिंग शक्यतो दिवसा, सौर विजेवर व्हावे. मोसम पुलाकडे जाणारे पदपथ अतिक्रमणातून मोकळे करावेत. महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात पहिली तरतूद पायी चालणाऱ्यासाठी करावी, दुसरी बससाठी. रस्ता रुंदीकरणाची पाळी त्यानंतर.