भाजीच्या टोपलीची वर्गणी

गंगापूर रस्ता असो, इंदिरानगर असो की पंचवटी. नाशिकच्या कोणत्याही वसतीत चार गृहिणी एकत्र आल्या की भाजीच्या भावाचा विषय निघतोच. त्यात आता एका प्रश्नाची भर पडली आहे. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि गिरणारे, दिंडोरी किंवा निफाडकडच्या शेतातून दर आठवड्याला भाजीची टोपली घरी यायची. टोपलीत काय असेल ते आपण नव्हे, शेत ठरवणार. ही वर्गणी घ्यावी की न घ्यावी? वरवर पाहता हा स्वयंपाकघरातील हिशेब आहे. परंतु त्याचे दुसरे टोक शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचत असल्याने त्याची दखल घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो, त्यातील सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्यात ३६ पैसे. म्हणजे आपण चाळीस रुपये किलोने टोमॅटो घेतला, तर पिकवणाऱ्याला साधारण तेरा रुपये. हीदेखील सरासरी झाली. निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला २०१८ साली ७५० किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले आणि त्याने ते उद्वेगाने मनीऑर्डर करून थेट दिल्लीला धाडले, हे नाशिककर विसरलेले नाहीत. किलोला दीड रुपयाही नाही! जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. कायद्याने वाट मोकळी झाली, पण त्या वाटेवर ग्राहक उभा असेल तरच तिचा उपयोग.

तो उभा राहू शकतो, याचा अनुभव आपल्याच जिल्ह्याने दिला आहे. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या 'सह्याद्री' या शेतकरी उत्पादक कंपनीने २०२० च्या टाळेबंदीत नाशिक, पुणे, मुंबईतील घरांपर्यंत फळे-भाजीपाला पोहोचवला. जपानमध्ये तर १९७० च्या दशकात कीटकनाशकांच्या धास्तीने गृहिणींनीच पुढाकार घेऊन शेतकऱ्यांशी थेट करार केले. त्या पद्धतीला तेथे 'तेइकेई' म्हणतात. पीक चांगले आले तर दोघांचे, गारपीट झाली तर झळही दोघांना, हे त्याचे मर्म. आगाऊ वर्गणीचा अर्थ हाच आहे. ती केवळ घरपोच सेवा समजून घेणाऱ्याची निराशा ठरलेली.

अडचणी आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. सलग तीन आठवडे मेथी आली की घरातील मुले ताटावरून उठू लागतात. दोडका, गिलके तर कित्येक घरांत हद्दपारच झाले आहेत. पण 'जे ऋतूत पिकते ते खावे' ही शिस्त आपल्याला परकी आहे काय? कांदेनवमीला कांदा-वांग्याचा निरोप घेणारा, ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाविना आलेली भाजी शिजवणारा आणि भोगीला घाटे, पावटा, गाजर एकत्र करणारा समाज हा! बारमाही फ्लॉवर-मटाराची सवय अलीकडची आहे.

खरी सावधगिरी अन्यत्र हवी. पंचवटीच्या बाजार आवारातून माल उचलून, त्यावर 'शेतातून थेट' अशी चिठ्ठी चिकटवणारे व्यापारीही या धंद्यात उतरणार, हे उघड आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी शेत कोणत्या गावी आहे ते विचारावे आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन पाहून यावे. माल सेंद्रिय असल्याचे सांगितले जात असेल तर 'पीजीएस-इंडिया'सारखे प्रमाणपत्र मागावे. पहिला महिनाच घ्यावा. चार आठवडे भाजी तोलून वहीत मांडावी, वाया गेली तीही लिहावी. दोन माणसांच्या घराला पूर्ण टोपली बहुधा जड जाईल. शेजाऱ्याबरोबर अर्धी वाटून घ्यावी. बाजारापेक्षा स्वस्त पडेल या आशेने मात्र कोणी जाऊ नये.

तरीही ती घ्यावी, असे आमचे मत आहे. विजयादशमीला स्वदेशीवर बौद्धिक ऐकायचे आणि घरी परतताना दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणाऱ्या कंपनीला मोबाईलवरून मागणी नोंदवायची, ही विसंगती आपल्यातील अनेकांच्या घरी आहे. पं. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मांडलेल्या एकात्म मानव दर्शनात उत्पादक आणि ग्राहक हे एकाच समाजपुरुषाचे अवयव आहेत. अठरा-वीस किलोमीटरवरील शेतकऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक नसेल, तर ते दर्शन व्याख्यानापुरतेच उरले.

राहता राहिली ती दारावर येणारी भाजीवाली. टोपली सुरू केली म्हणून तिचे गिऱ्हाईक तोडणे योग्य नव्हे. तीही बहुधा जवळच्याच खेड्यातून पहाटे निघालेली असते. पालेभाजी, लिंबू, मिरची तिच्याकडूनच घ्यावी, आणि दोन रुपयांची घासाघीस तेवढी सोडून द्यावी.