परीक्षा जिभेची, काम हाताचे

नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून देणे हा आपल्याकडे आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या परिसरातील रुग्णालयांत परिचर्या सहायकाच्या, म्हणजे नर्सिंग असिस्टंटच्या, जागेसाठी येणारी मुलेमुलीही त्यातून सुटलेली नाहीत. 'स्वतःविषयी सांगा', 'हेच क्षेत्र का निवडले', 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल' या प्रश्नांची इंग्रजी उत्तरे पाठ करून ती येतात. बिहार किंवा बुंदेलखंडातून आलेल्या बारावी पास मुलीला 'मला लहानपणापासून सेवेची आवड आहे' हे वाक्य न अडखळता इंग्रजीत म्हणता आले की तयारी पूर्ण झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझे मत याच्या उलट आहे. ही मुलाखत ज्या गुणाची परीक्षा घेते त्याचा प्रत्यक्ष कामाशी संबंध फार थोडा आहे, आणि या विसंगतीची किंमत खाटेवरचा रुग्ण मोजतो.

हे काम नेमके काय, ते आधी पाहू. महाराष्ट्रातील रुग्णालयांत ज्यांना आपण 'मावशी' आणि 'मामा' म्हणतो, त्यांचेच हे काम. रुग्णाला अंघोळ घालणे किंवा अंग पुसणे, भांडे देणे, भरवणे, चाकाच्या खुर्चीत बसवणे, हलता न येणाऱ्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलणे. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येतात. परिचारिकेकडे अनेक खाटा असतात. रुग्णाच्या शरीराला सर्वाधिक वेळा हात लागतो तो सहायकाचा, आणि म्हणून पाठीवरचा लाल चट्टा, अचानक आलेली ग्लानी, कमी झालेली लघवी हे सर्वप्रथम त्यालाच दिसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली लिहिलेल्या परिचर्येवरील पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, ते उगाच नव्हे.

आता प्रशासनाकडे वळू. १५ ऑगस्ट २०१५ रोजी लाल किल्ल्यावरील भाषणात पंतप्रधानांनी कनिष्ठ पदांच्या मुलाखतींचा प्रश्न मांडला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट 'क' तसेच अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखती बंद केल्या. निर्णय योग्यच होता. दहा मिनिटांच्या भेटीत गुणवत्तेपेक्षा शिफारस अधिक ठळक दिसते, हे या व्यवस्थेत वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्याआधीच्या काळात अशाच पदांच्या एका निवड समितीवर मी वित्त विभागाचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. प्रश्न राज्यांच्या राजधान्या आणि मंत्र्यांची नावे असेच चालले होते. एक तिशीतील उमेदवार त्यातले जवळजवळ काहीच सांगू शकली नाही. अखेरीस समितीतील मेट्रनबाईंनी विचारले, "रुग्णाला उठता येत नसेल तर चादर कशी बदलाल?" ती उत्तर देण्याऐवजी टेबलाशी आली आणि हातांनीच दाखवू लागली : पलीकडचा कठडा वर करायचा, रुग्णाला त्या कुशीवर वळवायचे, मळलेली चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, नवी अर्धी पसरून खोचायची, मग रुग्णाला अलीकडे वळवून उरलेली अर्धी. कुठेही घाई नाही, एकही पायरी चुकली नाही. मेट्रनबाई समाधानाने हसल्या. परंतु गुणपत्रिकेत सामान्य ज्ञान, व्यक्तिमत्त्व आणि संभाषण असे तीनच रकाने होते. त्या उत्तराला जागा नव्हती आणि तिची निवड झाली नाही.

मुलाखत गेली, तिच्या जागी बहुपर्यायी लेखी परीक्षा आली. एक अन्याय दूर झाला. पण हाताची परीक्षा तरीही झाली नाही. वास्तविक कार्मिक विभागाच्या डिसेंबर २०१५ च्या आदेशाने एक दार मुद्दाम उघडे ठेवले होते. कौशल्य चाचणी आणि शारीरिक चाचणी ही मुलाखत नव्हे, त्या चालू ठेवता येतील. मात्र त्या केवळ पात्रतेपुरत्या असाव्यात, त्यांचे गुण निवडीत धरू नयेत. परिचर्या सहायकासाठी याहून योग्य तरतूद कोणती? तिचा उपयोग आपण पुरेसा केलेला नाही, अशी माझी तक्रार आहे.

शिवाय हे काम आता मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारामार्फत करून घेतले जाते. मुलाखत सरकारी समितीच्या खोलीतून हद्दपार झाली, ती कंत्राटदाराच्या कार्यालयात आणि खासगी रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागात जाऊन बसली. निविदेत माणसे किती आणि दर काय हे असते. त्या माणसाला रुग्णाची कूस बदलता येते का, हे कोणी तपासायचे ते सहसा स्पष्ट नसते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. विकणाऱ्याला मालाची प्रत माहीत आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवले. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये पुढचा भाग मांडला : उमेदवार आपली प्रत पदवी-प्रमाणपत्रांसारख्या संकेतांतून कळवतो, मात्र कमी कुवतीच्या माणसाला तो संकेत मिळवणे महाग पडत असेल तरच त्याला अर्थ. दोघांनाही २००१ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल मिळाले. पाठ केलेले इंग्रजी वाक्य हा असा संकेत आहे की तो शिकवणी लावून कोणालाही मिळतो. त्यातून कळते ते एवढेच, की उमेदवाराला शिकवणी परवडली. चादर बदलून दाखवणे मात्र सरावावाचून साधत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना तेथील पद्धत परिचित असेल. १९८७ च्या संघराज्य कायद्याने सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या शुश्रूषागृहांतील सहायकांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर क्षमतापरीक्षा बंधनकारक केली. त्या परीक्षेचा एक भाग लेखी किंवा तोंडी असतो. दुसरा भाग काम करून दाखवण्याचा असतो. आपल्याकडे प्रात्यक्षिकात पक्षपात होईल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु पायऱ्यांची छापील यादी, चिठ्ठी टाकून निवडलेले काम, दोन परीक्षक आणि फक्त 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' एवढाच शेरा असेल, तर शिफारशीला शिरकाव फार थोडा उरतो.

व्यवस्था बदलेपर्यंत उमेदवाराने काय करावे? माझा सल्ला असा की, वाक्ये कमी आणि कृती जास्त पाठ कराव्यात. हात केव्हा आणि कसे धुवायचे ते दाखवता आले पाहिजे. खुर्चीत बसवण्याआधी चाकांचा ब्रेक लावणे सवयीने घडले पाहिजे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे व नळ्या लाल पिशवीत आणि सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, हे झोपेतही सांगता यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपण काय करणार नाही ते ठामपणे सांगावे : इंजेक्शन देणार नाही, स्वतःच्या मनाने औषध देणार नाही, काही वेगळे दिसले तर लगेच परिचारिकेला कळवीन. उमेदवारानेही प्रश्न विचारावेत. ड्यूटी किती तासांची? साप्ताहिक सुटी आहे का? हिपॅटायटिस-बीची लस मिळेल का? असा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचे लसीकरण करणे हे त्याच नियमांनुसार रुग्णालयाचे कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नव्हे.

वाचकांपैकी अनेकजण या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतात, म्हणून थोडे त्यांच्याविषयी. पुण्यात किंवा नागपुरात एकटे राहणाऱ्या आईवडिलांसाठी माणूस नेमताना आपण दिल्लीहून, दुबईहून किंवा न्यू जर्सीहून व्हिडिओवर मुलाखत घेतो. 'गाव कोणते, आडनाव काय, कोण लोक' हे आपण सहज विचारून जातो. ज्या हातांना आपण मलमूत्र काढायला सांगणार आहोत, त्यांची जात आधी तपासायची, यातली विसंगती लक्षातही येत नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने १९०९ नंतरच्या काळात स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे आणले, तेव्हाही समाजाला अडचण वाटत होती ती परक्याच्या देहाला स्पर्श करण्याचीच. शतक उलटले, प्रश्न तोच आहे. त्याऐवजी त्या बाईंना सांगावे, "आईंना खाटेवरून खुर्चीत बसवून दाखवा." दोन मिनिटांत सर्व कळते. आईंना विचारता येत असेल तर त्यांचेही मत घ्यावे. मुलाखत खरे तर त्यांची आहे.

माझी सूचना छोटी आहे. सरकारी रुग्णालयांच्या मनुष्यबळ पुरवठ्याच्या प्रत्येक निविदेत, रुजू होण्यापूर्वी रुग्णालयाच्याच परिचारिकांनी घेतलेली पात्रतेपुरती प्रात्यक्षिक चाचणी ही एक अट घालावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. या कामाचे माप कोणते, हे आपल्या डोळ्यांसमोर आहेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ पासून १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत खाटेला खिळून होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांचे प्रकरण आले तेव्हा, इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण झाले नव्हते याची नोंद झाली. त्यामागे त्या रुग्णालयातील परिचर्या करणाऱ्यांच्या पिढ्यांनी अहोरात्र बदललेली कूस होती. निवडीच्या गुणपत्रिकेत एक रकाना तरी या कामासाठी असावा.